लामालेरा

इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतातील लेंबाटा (पूर्वीचे नाव लोंब्लेन) बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोळ्यांचे एक खेडे. लोकसंख्या सु. २,०००. फ्लोरेस बेटाच्या पूर्वेस सोलोर, आदोनारा व लेंबाटा ही तीन बेटे एका ओळीत असून त्यांपैकी लेंबाटा हे सर्वांत पूर्वेकडील होय. लाबालेकान या ज्वालामुखी पर्वताचा उतार जेथे सावू समुद्रात उतरतो, तेथे एका छोट्या उपसागराभोवती हे गाव वसले आहे. गावाचे वरची वाडी व खालची वाडी असे दोन भाग असून शासनदरबारी ती ‘लामालेरा अ’ आणि ‘लामालेरा ब’ अशी दोन स्वतंत्र खेडी आहेत. जमीन खडकाळ व पाण्याचे दुर्भिक्ष. त्यामुळे गावाजवळ शेती नाममात्रच होते. मात्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो आणि खोल पाण्यात राहणारा स्पर्म देवमासा गावातून दिसेल इतक्या जवळून जातो. शिडाच्या होडीतून हाताने भाला मारून या देवमाशाची शिकार करणारे जगातील बहुधा शेवटचे गाव म्हणून लामालेरा मानवशास्त्रज्ञांना परिचित आहे. इतरत्र त्याचे नाव क्वचितच ऐकू येते.

गावची भाषा लामाहोलोत असून ती ऑस्ट्रोनेशियन भाषाकुलात मोडते. डोंगरातील खेडुतांना किनाऱ्यावरचे लोक ‘कीवान’ म्हणजे डोंगरचे लोक असे म्हणतात. त्यांच्याशी लामालेराचे नाते गरजेचे आहे आणि दुराव्याचेही. गावाचा सारा इतिहास या नात्याभोवती फिरतो. ज्या गावाला धान्य पिकविता येत नाही त्याने मासा मारला एवढ्याने भागत नाही. तो वाटावा लागतो, वाळवावा लागतो आणि डोंगरावर नेऊन मक्याच्या मोबदल्यात द्यावा लागतो. शिकारीच्या थरारक वर्णनांत ही बाजू बहुधा झाकली जाते.

लामालेराचे मुख्य कुलसमूह स्वतःला मूळचे रहिवासी मानीत नाहीत. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वज सुलावेसीकडून निघाले आणि अनेक बेटांवर मुक्काम करीत लेंबाटा व पांतार यांच्यामधील लेपान बातान या बेटावर स्थिरावले. तेथे समुद्राने केलेल्या प्रलयात त्यांची वस्ती नष्ट झाली व वाचलेले लोक होड्यांतून पश्चिमेकडे सरकत लामालेरास आले. अशा कथा दंतकथा म्हणून बाजूला सारण्याचा मोह होतो. परंतु १८ जुलै १९७९ रोजी याच किनाऱ्यावर, लामालेराच्या पूर्वेस, ज्वालामुखीच्या उतारावरील दरड समुद्रात कोसळून आलेल्या लाटेने वाइतेबा परिसरातील पाचशेहून अधिक माणसे बुडाली, हे लक्षात घेता प्रलयाच्या स्मृतीमागे एखादी खरी घटना असणे अशक्य नाही.

नव्याने आलेल्यांना जागा दिली ती आधीपासून तेथे राहणाऱ्या लांगो वुजोन आणि तुफाओना या कुळांनी, असे परंपरा सांगते. ही कुळे आजही ‘भूमीचे धनी’ मानली जातात. शिकारीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी वुजोन कुळातील वडीलधारी मंडळी लाबालेकानच्या उतारावरील देवमाशाच्या आकाराच्या शिळेपाशी जातात, तेथे नैवेद्य दाखवितात व ठिकठिकाणी विधी करीत समुद्रापर्यंत उतरतात. डोंगरातून देवमाशाला समुद्राकडे बोलावून आणण्याचा हा विधी होय. मारलेल्या देवमाशाच्या डोक्याच्या भागावर भूमीच्या धन्यांचा हक्क असतो. गावात राहण्याचे भाडे म्हणावे, तर ते समुद्रातून आलेल्या मांसाने चुकते होते. ज्या वर्षी मासा मिळत नाही, त्या वर्षी भूमीच्या धन्यांचा मान राखला गेला की नाही, याची चौकशी गावात प्रथम होते.

लिखित इतिहासात या बेटांचा उल्लेख लवकर येतो. मजपहित राज्यातील नागरकृतागम (१३६५) या जावी काव्यात सोलोर (सोलोत) हे नाव आढळते. तिमोर बेटावरील चंदनाच्या व्यापारासाठी आलेल्या पोर्तुगीजांपैकी डोमिनिकन धर्मोपदेशकांनी १५६६ मध्ये सोलोरवर किल्ला बांधला. तो १६१३ मध्ये डचांनी घेतला. त्यानंतरच्या, १६२४ च्या एका निनावी पोर्तुगीज लेखात येथील बेटवासी तेलासाठी देवमाशांची शिकार भाल्याने करतात असे म्हटले असून, त्यांना मिळणारे अंबर फ्लोरेसवरील लारांतुका येथे विकले जात असावे, असेही त्यावरून दिसते. हे अंबर म्हणजे स्पर्म देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा सुगंधी द्रव्यास उपयोगी असा मौल्यवान पदार्थ.

या लहानशा नोंदीला महत्त्व आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज व अमेरिकन जहाजे स्पर्म देवमाशाच्या शोधात तिमोरच्या आसपासच्या समुद्रांत नियमित येत असत. जहाजावरून लहान होडी उतरवून, दोरी बांधलेला भाला मारून, माशामागे फरफटत जाण्याची त्यांची पद्धत लामालेराच्या पद्धतीशी इतकी जुळते, की गावकरी ही विद्या त्यांच्याकडून शिकले असावेत, असा तर्क कोणासही सुचावा. १६२४ चा लेख त्या जहाजांच्या पुष्कळ आधीचा असल्याने तो तर्क टिकत नाही. शिकार गावाची स्वतःची आहे.

पुढे १८५९ च्या लिस्बन तहाने पोर्तुगालने या बेटांवरील आपला हक्क नेदर्लंड्सला दिला. डचांनी लेंबाटाचा कारभार लारांतुका व आदोनारा येथील राजांमार्फत चालविला. लामालेरा लारांतुकाच्या राजाकडे होते. स्वतंत्र इंडोनेशियातही हे गाव दीर्घकाळ लारांतुका हे मुख्य ठाणे असलेल्या पूर्व फ्लोरेस जिल्ह्यात मोडत असे. १९९९ मध्ये लेंबाटा हा वेगळा जिल्हा झाला व बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील लेवोलेबा हे त्याचे मुख्य ठिकाण बनले.

गावाच्या होडीला ‘तेना’ म्हणतात. ती सु. १० ते १२ मी. लांब असते. तिच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी कडेला कड जोडतात आणि आतील वाक त्या फळ्यांत कोरून ठेवलेल्या कंगोऱ्यांना दोरीने बांधतात. लोखंडी खिळा कोठेही वापरीत नाहीत. दोन्ही बाजूंस बांबूच्या उलांड्या असतात. दुपायी डोलकाठीवर गेबांग या ताडवर्गीय वृक्षाच्या पानांचे विणलेले चौकोन जोडून केलेले शीड चढविले जाते. होडीच्या पुढच्या टोकाला समुद्रावर निघालेली बांबूची फळी असून तीवर भालाईत उभा राहतो. होडी बांधणाऱ्या कारागिराला ‘आता मोला’ म्हणतात. फळ्यांचा क्रम व आकार पूर्वजांनी ठरवून दिलेला असून त्यात चूक झाल्यास मासे दूर राहतात किंवा माणसे दगावतात, अशी समजूत आहे. फळी कुजली की बदलतात आणि सारी होडी मोडली की त्याच नावाने नवी बांधतात. त्यामुळे एखाद्या तेनाचे वय किती, या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही. तेना कोणा एकाची नसते. एका कुळातील व त्याच्या नातेवाइकांतील अनेक घरांची ती सामाईक मालमत्ता असते. हंगाम नसताना ती किनाऱ्यावरील शाकारलेल्या खोपीत ठेवली जाते. या खोपींची रांग हीच गावची दर्शनी बाजू आहे. मुख्य दोर मात्र खोपीत राहत नाही. ‘लेओ’ या नावाचा हा दोर कापूस, ताडाचे तंतू व झाडाची साल यांपासून वळलेला असून तो कुळाच्या मोठ्या घरात जपून ठेवतात.

शिकारीचा मुख्य हंगाम (लेफा) मे ते सप्टेंबर–ऑक्टोबर असा कोरड्या ऋतूत असतो. त्या काळात होड्या पहाटे निघून दुपारनंतर परततात. इतर महिन्यांत किनाऱ्यावरून कोणास फवारा दिसला, तर ‘बालेओ’ अशी आरोळी एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जात सर्व गावभर पसरते व हातातले काम टाकून पुरुष होड्यांकडे धावतात. जवळ जाताच शीड व डोलकाठी उतरवून खलाशी वल्ही मारू लागतात. ‘लामाफा’ म्हणजे भालाईत लांब बांबूच्या टोकाला बसविलेला लोखंडी भाला हाती धरून उभा असतो. तो भाला फेकीत नाही. भाल्यासह स्वतः माशाच्या पाठीवर उडी घेतो, कारण जाड कातडी भेदण्यास हाताचे बळ पुरत नाही, अंगाचे वजन लागते. मग तो पोहत होडीकडे परततो आणि दोरी सुटू लागते. वाढ झालेला नर होडीहून लांब असतो. तो होडी ओढीत नेतो, शेपटीने फोडतो, कधी पाण्याखाली खेचतो. मार्च १९९४ मध्ये काही तेना अशाच दूर ओढल्या जाऊन गमावल्या गेल्या आणि कित्येक दिवस उघड्या समुद्रावर भरकटलेल्या खलाशांना एका पर्यटक-जहाजाने वाचविले.

दात असलेला स्पर्म देवमासा (कोतेकलेमा) हे गावचे मुख्य लक्ष्य होय. याशिवाय डॉल्फिन, शार्क, मांटा हा पाकटाच्या जातीचा प्रचंड मासा, क्वचित ओर्का हेही मारले जातात. परंतु दातांऐवजी तोंडात झालर असलेले नील देवमाशासारखे मासे लामालेराचे लोक मारीत नाहीत. अशाच एका माशाने संकटात सापडलेल्या पूर्वजाला वाचविले, असे त्याचे कारण सांगतात. शेजारच्या सोलोर बेटावरील लामाकेरा या मुस्लिम गावात नेमके हेच मासे मारण्याची परंपरा होती.

मासा किनाऱ्यावर आला की त्याचे मोजमाप होऊन भाग पाडले जातात आणि प्रत्येक भागाला धनी असतो. होडीतील सामाईक हिस्सेदारांची घरे, त्या दिवशी समुद्रावर गेलेले खलाशी, भालाईत, सुकाणू धरणारा, होडी बांधणारा, भाला घडविणारा लोहार, शिडाचा मालक, भूमीचे धनी या सर्वांचे वाटे रूढीने ठरलेले आहेत. डोक्यापासून शेपटीपर्यंत माशाचा कोणता तुकडा कोणत्या घराचा, हे मुलांनाही ठाऊक असते. पहिल्या वाटपानंतर दुसरे, अनौपचारिक वाटप सुरू होते. वाटा मिळालेले घर आपल्या सासर-माहेरच्या नात्यांत, शेजाऱ्यांत, विधवा व अनाथ यांच्याकडे मांस पाठविते. समुद्रावर गेलेल्या पुरुषांच्या विधवा गावात नेहमीच असत, तेव्हा हा केवळ दानधर्म नव्हे. आज जो देतो त्याच्या घरची पाळी उद्या येऊ शकते. भांडण, अबोला किंवा वाटपातील अन्याय यांमुळे मासा हुकतो, भाला निसटतो, अशी श्रद्धा असल्याने अपयशी होडीचे हिस्सेदार एकत्र बसून कोणाचे मन दुखावले गेले आहे, हे शोधून काढतात. भालाइताच्या घरगुती वर्तनावरही साऱ्या गावाची नजर असते.

या वाटपाने अर्थशास्त्रज्ञांनाही विचारात पाडले. जगातील पंधरा लहान समाजांत केलेल्या व २००१ नंतर प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक प्रयोगात दोन अनोळखी व्यक्तींपैकी एकीने ठरावीक रकमेची वाटणी सुचवावयाची व दुसरीने ती स्वीकारावी किंवा नाकारावी, नाकारल्यास दोघांनाही काहीच मिळू नये, असा खेळ होता. लामालेरात सुचविलेला वाटा सरासरीने निम्म्याहून अधिक, सु. ५७–५८ टक्के भरला. सर्व समाजांत तो सर्वाधिक होता. येथे जुगाराचा भास होऊ नये म्हणून पैशांऐवजी सिगारेटी वापरल्या होत्या. यावरून गावकरी स्वभावानेच उदार ठरत नाहीत. दहा-बारा माणसांनी एका होडीत बसल्याशिवाय जेथे कोणाचेही पोट भरत नाही, तेथे वाटपाचा वाद होऊ न देणे ही पोटापाण्याचीच बाब असते.

मांसाचे पुढचे काम स्त्रियांचे. मांस व चरबी पट्ट्या कापून बांबूंवर वाळविली जाते आणि गळणारे तेल दिव्यासाठी धरले जाते. नंतर स्त्रिया वाळलेल्या पट्ट्या डोक्यावरील पाट्यांत घालून चढणीच्या वाटेने डोंगरातील गावांत जातात, किंवा किनाऱ्यावरून पूर्वेकडील वुलांडोनीच्या आठवडी बाजारात. तेथे दीर्घकाळ पैशाविना व्यवहार चालत आला आहे. डोंगरातील स्त्रिया एका बाजूस, किनाऱ्याच्या दुसऱ्या बाजूस बसतात. बाजाराचा मुकादम शिटी वाजवितो तेव्हाच देवघेव सुरू होते. माशाच्या एका पट्टीस मक्याची बारा कणसे, बारा केळी किंवा उसाची बारा कांडी असा दर बांधलेला असे. मोजणी सहा-सहाच्या गटाने होते. मासा कमी आला तरी दर सहसा बदलत नसे. बदलत असे ती पट्टीची जाडी. मांसाशिवाय मीठ, चुना आणि हातमागाचे कापड हेही लामालेराच्या स्त्रिया डोंगरात नेत.

या कापडात भारताचा एक धागा आहे. लामालेराच्या स्त्रिया सूत विणण्यापूर्वी बांधून रंगवितात (इकत). विवाहात वधूपक्षाने द्यावयाच्या तीन पट्ट्यांच्या उंची लुगड्यावर तेना व मांटा यांच्या आकृतींबरोबर गुजरातमधील पाटण येथील पटोल्यावरून घेतलेल्या नक्षी असतात. पटोले तेथे व्यापारी जहाजांतून पोहोचले. ते अंगावर घालण्यासाठी नव्हते. कुळाच्या ठेव्यात जपून ठेवले जात. वरपक्षाने या लुगड्यांच्या बदल्यात हस्तिदंत द्यावयाचे असते, आणि हत्ती तर या बेटांवर नाहीतच. म्हणजे विवाहाची दोन्ही टोके, कापडाचा नमुना व दंत, समुद्रापारच्या व्यापाराला बांधलेली होती. एका कुळाने दुसऱ्यास मुली द्याव्यात, त्याच्याकडून घेऊ नयेत, अशी एकमार्गी रीत असल्याने मामाच्या कुळातील मुलगी योग्य वधू ठरते. महाराष्ट्रातील वाचकास ही रीत अनोळखी वाटू नये.

कॅथलिक धर्म गावात १८८६ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी केलेल्या मुलांच्या बाप्तिस्म्यांपासून आला, पण तो रुजविला बेर्नार्ड बोडे या जर्मन धर्मोपदेशकाने. ते १९२० मध्ये आले व सु. तीस वर्षे राहिले. पूर्वजांच्या कवट्या जपण्याची चाल व होड्यांवरील रक्तबली त्यांनी बंद पाडले. शिकार मात्र त्यांनी थांबविली नाही. होड्यांना आशीर्वाद दिला. किनाऱ्यावर खोपींच्या रांगेत संत पीटरचे छोटे देऊळ उभे राहिले. एप्रिलअखेरीस समुद्रात गेलेल्यांसाठी संध्याकाळी मेणबत्त्या लावून प्रार्थना होते आणि १ मे रोजी हंगामाची मिस्सा म्हटली जाते. वुजोन कुळाचा डोंगरावरील विधीही त्याच सुमारास होतो. बोडे यांनी जे मोडले ते पूर्वजांविषयीचे होते; वाटपाला त्यांनी हात लावला नाही, आणि बहुधा म्हणूनच त्यांचा धर्म टिकला. मिशनच्या शाळेचा परिणामही मोठा झाला. शेतीविना वाढलेल्या या गावातून शिक्षक, कारकून व पाद्री बाहेर पडले. इंडोनेशियन भाषेवरील पाठ्यग्रंथांमुळे देशभर परिचित असलेले भाषाशास्त्रज्ञ गोरिस केराफ (१९३६–९७) हे येथलेच. लामालेराच्या बोलीचे व्याकरण त्यांनी १९७८ मध्ये मांडले. १९९९ ते २००१ या काळात पर्यावरणमंत्री असलेले सोनी केराफ यांचाही जन्म येथलाच. देवमाशांच्या शिकारीच्या गावाचा सुपुत्र पर्यावरणमंत्री व्हावा, हा योग विलक्षण खरा.

बाहेरच्या जगाने शिकारीला प्रथम अपुरी ठरविले, मग अनुचित. १९७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने गावाला मदत म्हणून आधुनिक शिकारनौका व नॉर्वेजियन तज्ञ पाठविले. भाल्याची तोफ अचूक होती. परंतु तिच्यामागे हिस्सेदार कुळे नव्हती. दशक संपण्यापूर्वीच ही योजना गुंडाळली गेली. पुढे थोड्याच वर्षांत वारे उलटे फिरले. आंतरराष्ट्रीय तिमिंगिल आयोगाने व्यापारी शिकारीवर १९८२ मध्ये ठरविलेली बंदी १९८६ पासून अंमलात आली. इंडोनेशिया त्या आयोगाचा सदस्य नाही व लामालेराची शिकार व्यापारी नाही, त्यामुळे तिला त्या बंदीची झळ लागली नाही. मात्र देशाच्या १९९९ च्या नियमांनी देवमाशांना आणि २०१४ च्या आदेशाने मांटाला संरक्षण दिले. २००९ मध्ये सावू समुद्रात सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, तेव्हा गावकऱ्यांच्या तीव्र विरोधामुळे लेंबाटालगतचा समुद्र त्यातून वगळावा लागला. मोजक्या होड्यांनी वर्षाकाठी साधारण वीस-एक मासे मारल्याने जात नष्ट होत नाही, असे गावकऱ्यांचे म्हणणे आहे. एकोणिसाव्या शतकातील परदेशी जहाजांनी याच समुद्रांत केलेल्या संहाराशी तुलना करता ते सहज खोडून काढता येत नाही. मांटाची गोष्ट वेगळी आहे. तिचे पुनरुत्पादन अत्यंत मंद असते व तिच्या कल्ल्यांना परदेशी बाजारपेठ मिळाल्यापासून आसपासच्या किनाऱ्यांवर तिची मासेमारी खपापुरती राहिलेली नव्हती.

गावाच्या जीवनात अधिक खोल बदल घडविला तो बाहेरून आणलेल्या दोन साधनांनी. पाण्यात तरंगत सोडावयाची जाळी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पसरली आणि २००० नंतर बाहेरून लावावयाचे मोटर-इंजिन आले. इंजिनाच्या लहान होडीला एका परदेशी बनावटीच्या नावावरून ‘जोन्सोन’ म्हणतात. तिच्यावर दोन-तीन माणसे पुरतात, ती एका घराची असते आणि जाळ्यातील मासा त्याच घराचा. कुळाचा दोर, शिडाचा वाटा, होडी बांधणाऱ्याचा हक्क असे काही तिच्यात येत नाही. तेल मात्र रोख पैशाने घ्यावे लागते, म्हणून मासाही पैशाला विकावा लागतो. ज्येष्ठांचा विरोध व तरुणांचा आग्रह यांतून गावात तडजोड निघाली. जोन्सोनने दोर बांधून तेनाला देवमाशापर्यंत ओढीत न्यावे, तेथे दोर सोडावा व भाला तेनातूनच मारावा, असे ठरले. ताडपानांची शिडे त्यानंतर क्वचितच उभारली जाऊ लागली. ओढून नेणाऱ्या जोन्सोनच्या मालकाचा आणि तेलाचा वाटा माशाच्या कोणत्या भागातून काढावयाचा, हा एक नवा प्रश्न मात्र किनाऱ्यावरच्या जुन्या मोजमापात येऊन बसला.